लाकूड कोरून डोकं शांत होतं का?

प्रश्न: नांदेडला घरूनच काम करतो, रात्री मोबाईल बघत बसलो की छातीत धडधडतं. लाकडात काहीतरी कोरावं म्हणतो पण सुतारकाम येत नाही, जमंल का?

उत्तर: जमंल की! फक्त एकदम सागवान अन् बुद्धाचा चेहरा नको, सुताराकडून आंब्याचा तुकडा आणा, नुसता अंडाकृती आकार काढा. पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चालवा, उलटी लावली की ढलपीच निघते, अन् दुसरा हात पात्यासमोर कधीच नको. मग पॉलिश पेपर, खरखरीत 80 नंबरपासून बारीक 220 पर्यंत, खरी मजा इथंच, हात घासत राहतो अन् डोकं गप पडतं. वेरूळचं 10 नंबरचं लेणं बघून या, छताला लाकडी वाशांसारख्या कमानी दगडात कोरल्यात, म्हणूनच त्याला सुतार की झोपडी म्हणतात. धडधड मात्र आधी डॉक्टरला दाखवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर पण फुकट आहे.