धुरंधरांचं चित्र आणि संस्थेचं ‘कॉपीराइट शुल्क’

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी ठसठस पुन्हा सुरू झाली, म्हणून लांबलचक लिहितोय. मंडळाच्या दिवाळी अंकाला चित्रकार म. वि. धुरंधरांचं चित्र हवंय. मूळ चित्र ज्या संस्थेकडे आहे ती ‘कॉपीराइट शुल्क’ आणि हमीपत्र मागतेय. द्यावं का, असंच विचारताय ना?

मी वकील नाही, दिवाळी अंकाची हमाली करणारा माणूस आहे, हे आधी सांगतो. माझं मत: कॉपीराइटच्या नावाखाली एक रुपयाही देऊ नका. धुरंधर १९४४ साली गेले. पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजा, २००४ च्या अखेरीस हक्क संपला. चित्र कोणाच्या भिंतीवर टांगलंय याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कॅनव्हास संस्थेचा, फ्रेमवरची धूळही तिचीच. हक्क मात्र कोणाचाच उरलेला नाही.

आमच्या वेळी अशाच एका कार्यालयाने (नाव घेत नाही, उगाच वाद नको) आधी अर्ज मागितला, मग मंडळाचा ठराव, मग स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. कोणत्या कलमाखाली शुल्क घेता, हे लेखी विचारलं तर उत्तरच नाही, फक्त शुल्काचा तक्ता पुन्हा पाठवला! मुद्रक डोक्यावर बसला होता, शेवटी सही करून दिली. हमीपत्रात होतं, ‘चित्र एकदाच, एकाच छापील आवृत्तीत वापरू’. झालं. ई-आवृत्तीसाठी पुन्हा पैसे. कॉपीराइट संपलेला असला तरी सही केलेला करार करारच राहतो, आणि ही मंडळी जगतात त्या सहीवर. अंक हातात आला तेव्हा भाऊबीज उलटून गेली होती.

स्कॅन करून देण्याचं शुल्क मागितलं तर ते रास्त आहे, जरूर द्या. पावतीवर ‘स्कॅनिंग’ असं लिहून घ्या. ‘स्कॅन आमचा, म्हणून हक्क आमचा’ हे मला पटत नाही. नुसत्या मेहनतीने नवा हक्क तयार होत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटलंय. तो खटला न्यायनिवाड्यांच्या संपादित प्रतींचा होता, चित्रांचा नव्हे, तेव्हा माझा अर्थ तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या.

त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे त्या दारात जाऊच नका. धुरंधरांची चित्रं जुन्या पुस्तकांत छापलेली आहेत. एडवर्ड्स यांच्या १९१२ च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’त त्यांची रेखाचित्रं आहेत आणि ते पुस्तक नेटवर फुकट मिळतं. तुम्हाला हवं तेच चित्र असं छापलेलं सापडलं तर प्रश्नच मिटला.

मात्र ‘जुनं दिसतं म्हणजे मोकळं’ हे डोक्यातून काढा. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांची मुखपृष्ठं २०३१ संपेपर्यंत हक्कात आहेत. एम. एफ. हुसेन यांची चित्रं तर २०७१ अखेरपर्यंत. फोटोंचं गणित आणखी किचकट. पूर्वी प्रकाशनापासून साठ वर्षं होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफरच्या मृत्यूपासून मोजतात. आणि कृपा करून ‘सौजन्य: इंटरनेट’ छापू नका. सौजन्य दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. उलट, कुठून उचललं याची ती कबुलीच.

शुल्क न भरता छापलंत आणि त्यांची धमकीची नोटीस आली तर घाबरून डीडी काढायला धावू नका. निराधार धमकीविरुद्ध आपणच कोर्टात जाऊ शकतो, तशी तरतूद कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० मध्ये आहे. संस्थेच्या उत्तराच्या पत्रावर कलमाचा आकडा आहे का, तेवढं बघून इथे सांगा.