वहिनी, टॅक्सचा फॉर्म भरण्याआधी घर मोजा

सुदामानगरचं घर आता तुमच्या नावावर आलंय, तर पहिली गोष्ट: सासऱ्यांच्या जुन्या पावतीवरचे आकडे तसेच उतरवू नका. आपल्या मध्य प्रदेशात मालमत्ता कर स्वनिर्धारणानं भरतात. म्हणजे बांधकाम किती, छत आरसीसीचं की पत्र्याचं, वापर कशासाठी, हे तुम्हीच लिहायचं. त्यावरून वार्षिक भाडेमूल्य, म्हणजे घराचं वर्षाचं अंदाजे भाडं, निघतं आणि त्यावर कर. भाडेमूल्याचा दर वस्तीप्रमाणे बदलतो. तेव्हा टेप घेऊन एकदा स्वतः मोजा, मागचं पत्र्याचं न्हाणीघरही. नंतर तपासणीत तुम्ही लिहिलेलं १० टक्क्यांहून जास्त कमी निघालं तर फरकाच्या पाचपट दंड, उगाच कशाला!

स्वतः राहता त्या भागावर ५० टक्के सूट असते, पण ती रकान्यात मागावी लागते. आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गेला, तरी मी दोन वर्षं 'भाड्यानं' असंच भरत राहिलो. चूक माझीच, पैसे मात्र खरेच गेले. तुमच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान आहे ना? तेवढं वेगळं दाखवा.

जुनी थकबाकी निघाली तर घाबरू नका. लोकअदालतीच्या दिवशी सरचार्जमध्ये, म्हणजे उशिराबद्दलच्या जादा आकारात, सूट मिळते, मूळ कर मात्र भरावाच लागतो. नामांतराचा, म्हणजे पालिकेच्या नोंदीत तुमचं नाव लावण्याचा, अर्ज आधी टाका. आणि हो, टॅक्सची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे, रजिस्ट्री, म्हणजे घराचा नोंदणीकृत दस्त, जपून ठेवा.