आईची वही आणि ‘माझ्यामुळेच’मधला ‘च’

“आम्ही तिला त्या घरातून हलवायलाच नको होतं.”

बडोद्यात समुपदेशन करताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. माणसं बदलतात, निमित्तं बदलतात. कुणाचे बाबा रिटायर झाल्यावर एकटे पडले, कुणाच्या सासूबाईंनी धाकट्या मुलाच्या जाण्याचा धसका घेतला. एका सुनेने तर घरातली ॲल्युमिनियमची सगळी पातेली भंगारात घातली होती. (ॲल्युमिनियममुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालेलं नाही. पातेली चांगली होती.) घरच्यांना कारण हवं असतं, आणि बाहेर सापडलं नाही की ते स्वतःकडे बोट दाखवतात.

त्यांतल्याच एक बाई बँकेत नोकरीला, वय पन्नाशीचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील गेले आणि आईला त्यांनी दांडिया बाजारच्या जुन्या घरातून गोत्रीच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं.

“दोन महिन्यांत गॅस चालू ठेवायला लागली. बाल्कनीत उभी राहून विचारते, सूरसागर तलाव कुठे गेला? ताई, तिकडे ती ठणठणीत होती हो. माझ्यामुळेच झालं.”

न्यूरोलॉजिस्टनी बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, एमआरआय सगळं पाहून अल्झायमरचं निदान केलं होतं. ते बरंच झालं. विसरभोळेपणाची काही कारणं बरी होणारी असतात, ती आधी तपासायलाच हवीत.

माणसाला त्याचे ताठर, हट्टी विचार छळतात असं मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्यांच्या विचारपठडीत मी तयार झाले, त्यामुळे माझा कान ‘च’वर असतो. पण ‘च’ काढा म्हटलं म्हणून तो निघत नाही. तीन भेटी मी तेच करत होते. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या वेळी तो ‘च’ घेऊनच यायच्या. चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, “आई हिशेब लिहायच्या का?”

“रोज. शाळेत शिकवायची ना. वह्या आहेत सगळ्या.”

पुढच्या वेळी पिशवीभर वह्या आल्या. २०१६ची मी उघडली. निळ्या शाईत गोल, वळणदार अक्षर. खंडेराव मार्केट, भाजी ८५. दूध ५२. दोन ओळी सोडून पुन्हा दूध ५२. खाली बेरीज चुकलेली. दुसऱ्यांदा लिहिलेल्या दुधावर लाल पेन्सिलीची बारीक काट, आणि शेजारी बरोबर बेरीज.

“हे बाबांचं अक्षर,” त्या म्हणाल्या.

२०१८च्या वहीत लाल खुणा पानोपानी होत्या. २०२०मध्ये आईच्या हातची फक्त तारीख उरली होती, बाकी सगळं पान बाबांचं.

बराच वेळ त्या ते पान बोटाने चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे बाबांना माहीत होतं.”

मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत मला एवढंच नीट जमायला लागलंय.

मग मेंदूत काय होतं ते समजावलं. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने पन्नाशीतच हा आजार दिसू लागलेल्या एका बाईंचा मेंदू, त्यांच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर ढिगुळं साचलेली आणि आत धाग्यांचे गुंते. बाहेरची ढिगुळं ॲमिलॉइड या प्रथिनाच्या तुकड्यांची, आतले गुंते टाऊ या प्रथिनाचे. टाऊचं काम पेशीच्या आतले रुळ धरून ठेवण्याचं. ते सुटून एकमेकांत गुरफटलं की पेशीतली ने-आण बंद पडत जाते आणि पेशी मरते. ॲमिलॉइड साचायला लागतं ते लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी.

“वीस वर्षं?” त्यांनी बोटांवर मोजलं. “तेव्हा माझा मुलगा केजीत होता.”

“आणि घर बदलण्याचा विषयही नव्हता.”

हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवं लक्षात ठेवणारा भाग, या आजारात लवकर झिजतो. दांडिया बाजारच्या घरात आईंना नवं काही शिकायचंच नव्हतं. चाळीस वर्षांच्या सवयीने पाय स्वयंपाकघराकडे वळत, आणि उरलेलं लाल पेन्सिल सांभाळून घेत होती. गोत्रीत दोन्ही आधार गेले. घर बदलल्यामुळे आजार झाला नाही, तो उघडा पडला. हे वाक्य मला त्या वहीवरूनच सुचलं. आता पुष्कळ कुटुंबांना सांगते, आणि चेहरा सैलावताना दिसतो. मात्र स्थलांतराचा परिणाम शून्य असंही मी म्हणत नाही. नव्या जागी गोंधळ वाढतो. तो कमी करता येतो: जुना पलंग, जुनं घड्याळ, बाथरूमच्या दारावर मोठं चित्र.

एक प्रश्न राहिला होता, तो हटकून दार उघडताना येतो. “मला होईल?”

पिढ्यानपिढ्या थेट उतरणारा अल्झायमर फार विरळा, एकूण रुग्णांत एक टक्क्याहून कमी. तो बहुधा पासष्टीच्या आधी दिसतो. त्यांच्या आईंची सत्तरी उलटलेली. एपीओई-फोर नावाचं जनुकरूप धोका वाढवतं खरं, पण ते असूनही आजार न झालेली माणसं आहेत आणि नसून झालेलीही. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये डिमेन्शियाचे (म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) बदलता येणारे चौदा धोके मांडले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं आहे, एकटेपणाही आहे. बीपी शेवटचं कधी तपासलं, असं मी विचारल्यावर त्या ओशाळं हसल्या. त्याच आठवड्यात तपासून आल्या. वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली.

आई अजून लिहितात. दूध एकाच पानावर तीनदा येतं. लेक काटत नाही, शेजारी लाल पेन्सिलीने टिक करते. वह्या त्या घेऊन गेल्या, पण २०१६ची माझ्याच टेबलावर राहिली आहे. येत्या गुरुवारी परत द्यायची आहे.