शेतमाल कुठेही विकायची मोकळीक द्यायची, तर बाजाराला नियम हवेतच कशाला?

मोकळीक हवीच. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, ते मला पटलं. पण सोयाबीनचं बघा. 2024-25 चा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता. आमच्या लातूरकडे व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक दाताखाली फोडतो, ‘ओल हाय’ म्हणतो अन् भाव पाडतो. टेम्पोचं भाडं भरून आलेला माणूस माल परत नेतो होय? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोड नवरा-बायकोच्या जोडीचंही तेच. काम सोडायची मोकळीक कागदावर. म्हणून कुणाला विकायचं यात सरकारनं पडू नये, पण काटा, ओलावा मोजायचं मशीन आणि वेळेत पट्टी (विक्रीचा हिशेब नि पैसे), इथं ढिलाई नको.