घरचं लिनक्स: तुमचे प्रश्न, टर्मिनलची उत्तरं

या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच जातीचे आहेत. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (एक छोटा कॉम्प्युटर) कोपऱ्यात चालू ठेवलाय, घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यावर जातात आणि एक दिवस काहीतरी अडतं. त्यातले चार निवडलेत. कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटर वापरा, जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय. आणि एक मनापासून विनंती, काहीही पुसणारी किंवा बदलणारी कमांड चालवायच्या आधी नुसतं दाखवणारी कमांड चालवा, ती जवळजवळ नेहमीच असते आणि लोक तिला जाम टाळतात.

प्रश्न (सांगली): सर, उबंटूवर "डिस्कवर जागा नाही" असा एरर येतोय. पुष्कळ व्हिडिओ डिलीट केले तरी जागा तेवढीच दिसते. फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट अजिबात नको. आधी "डीएफ डॅश एच" टाका आणि नेमकं कुठलं पार्टिशन (डिस्कचा भाग) भरलंय ते बघा, कारण बऱ्याचदा आपण एका डिस्कवरून पुसत असतो आणि भरलेली असते दुसरीच. मग "सुडो डीयू डॅश एक्सएच डॅश डी १ स्लॅश" (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) आणि पुढे पाइप (| हे चिन्ह) देऊन "सॉर्ट डॅश एच", म्हणजे सगळ्यात मोठं फोल्डर सगळ्यात खाली येतं. त्यातला एक्स विसरू नका, तो नसेल तर लावलेली एक्स्टर्नल डिस्कसुद्धा मोजली जाते आणि भलताच आकडा येतो. हे किचकट वाटलं तर "एनसीडीयू" इन्स्टॉल करा, बाणाच्या कीने फोल्डरात शिरता येतं, मला तर तेच जास्त आवडतं.

तुमच्या बाबतीत पहिला संशय ट्रॅशवर. फाइल मॅनेजरमधून डिलीट केलेलं घरच्या फोल्डरातल्या "डॉट लोकल, शेअर, ट्रॅश" (टी कॅपिटल) मध्ये जाऊन बसतं, जागा सुटतच नाही. दुसरा संशय लॉगवर, म्हणजे सिस्टमने लिहून ठेवलेल्या नोंदींवर (जर्नल). "जर्नलसीटीएल डॅश डॅश डिस्क-युसेज" विचारा, जर्नल गीगाबाइटमध्ये गेलेला असेल तर "सुडो जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम-साइज बरोबर २००एम" (एम कॅपिटल, "बरोबर" म्हणजे = चिन्ह) करा, जुने लॉग जातील. "सुडो ॲप्ट क्लीन" ने डाउनलोड झालेली पॅकेजंही जातात, त्याने काही बिघडत नाही.

आता खरी मजेची गोष्ट. कधी कधी डीएफ म्हणतं डिस्क भरलीय आणि डीयूची बेरीज मात्र निम्मीच येते. फाइल पुसली पण एखाद्या प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरून ठेवली असेल तर असं होतं, नाव गेलं तरी जागा अडकून राहते. "सुडो एलएसओएफ प्लस एल१" (एल कॅपिटल) टाकलं की असे सगळे प्रोग्रॅम समोर येतात, तेवढी सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा लगेच सुटते. आणि डीएफ डॅश एचमध्ये जागा दिसत असूनही एरर येत असेल तर "डीएफ डॅश आय" बघा, बारक्या बारक्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेले असतात.

प्रश्न (नाशिक): रोज रात्री फोटोंचा बॅकअप एक्स्टर्नल हार्डडिस्कवर जावा म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) आरसिंक (फाइली कॉपी करणारं टूल) टाकलंय. पण एक्स्टर्नल डिस्कवर नवीन काहीच नाही आणि मशीनची डिस्क मात्र भरत चाललीय, असं का?

कारण डिस्क माउंट झालेलीच नाही, म्हणजे सिस्टमने ती फोल्डराला जोडलेलीच नाही. "स्लॅश एमएनटी स्लॅश बॅकअप" हे डिस्क नसताना एक साधं रिकामं फोल्डर असतं, आरसिंकला त्यातलं काही कळत नाही, ते बिचारं रोज रात्री तिथेच ओतत राहतं. वर आणखी घोळ असा की नंतर डिस्क लावली की तो ढीग तिच्याखाली झाकला जातो आणि डीयूलाही दिसत नाही, म्हणून डिस्क अनमाउंट करून मगच त्या फोल्डरात बघा. उपाय एका ओळीचा आहे. क्रॉनमधल्या कमांडच्या आधी "माउंटपॉइंट डॅश क्यू स्लॅश एमएनटी स्लॅश बॅकअप" लिहा, मग दोन अँपरसँड आणि मग आरसिंक. डिस्क नसेल तर पुढचं काही चालतच नाही.

आता आरसिंकच्या स्लॅशबद्दल, कारण यात भले भले अडकतात. सोर्सच्या शेवटी स्लॅश असेल तर फोल्डरच्या आतलं सगळं कॉपी होतं, नसेल तर ते फोल्डर स्वतःच आत जाऊन बसतं आणि फोटोमध्ये परत फोटो असं तयार होतं. यात डॅश डॅश डिलीट (सोर्समध्ये नसलेलं बॅकअपमधूनही पुसणारा ऑप्शन) लावला असेल तर हा एक स्लॅश फार महागात पडतो. म्हणून पहिल्यांदा कायम "आरसिंक डॅश एव्हीएन" चालवा, एन म्हणजे फक्त दाखव, करू नकोस. आउटपुटमध्ये "डिलीटिंग" ने सुरू होणाऱ्या ओळी एकेक करून वाचा, त्यात एकही अनपेक्षित नाव असेल तर थांबा. सोबत "डॅश डॅश मॅक्स-डिलीट बरोबर ५०" ठेवाच, उद्या सोर्सचीच डिस्क लागली नाही आणि फोल्डर रिकामं दिसलं तर निदान ५० फाइलींनंतर पुसणं थांबेल.

आणि असा आरसा बॅकअप म्हणजे पूर्ण बॅकअप नाही हो, दुपारी चुकून पुसलेला फोटो रात्री तिकडूनही पुसला जातो. "डॅश डॅश बॅकअप" आणि "डॅश डॅश बॅकअप-डिर" देऊन काढलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात जमा करा. आठवण आली की त्यातला एखादा फोटो परत आणून उघडूनही बघा.

मशीन रात्री बंद असतं किंवा वीज जाते अशा घरात क्रॉन चुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही. तिथे सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) टायमर लावा, त्यात "पर्सिस्टंट बरोबर ट्रू" (पी कॅपिटल) लिहिलं की मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम होतं.

प्रश्न (लातूर): एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवली होती, वीज जाऊन आली आणि आता मशीन सुरूच होत नाही, इमर्जन्सी मोड म्हणतंय.

घाबरू नका, डेटा जागेवर आहे. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी) त्या डिस्कची ओळ आहे, सिस्टम दीड मिनिट वाट बघते आणि मग हात वर करते. डिस्क परत लावून बूट करा, मग "इटीसी" मधल्या "एफएसटॅब" फाइलची आधी कॉपी काढा आणि त्या ओळीच्या ऑप्शन्समध्ये "नोफेल" घाला, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडणार नाही. डिव्हाइसचं नाव "एसडीबी१" असं लिहिलं असेल तर ते काढून "यूयूआयडी बरोबर" (यूयूआयडी कॅपिटलमध्ये) आणि पुढे डिस्कचा ओळख क्रमांक टाका, "एलएसबीएलके डॅश एफ" मध्ये तो मिळतो, कारण पोर्ट बदलला की एसडीबीचं एसडीसी होऊ शकतं. रीबूट मारायच्या आधी "फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय" चालवा, टायपिंगची चूक असेल तर तिथेच कळते.

प्रश्न (न्यू जर्सी): पुण्यातल्या घरच्या मशीनवर एसएसएचने (नेटवरून दुसऱ्या मशीनचं टर्मिनल उघडायची सोय) येतो. मराठी नावाच्या फाइली ३४०, २४४ अशा आकड्यांत दिसतात. शिवाय जुन्या मॅकवरून आणलेल्या काही फाइली नाव बरोबर टाकूनही सापडत नाहीत. फाइली करप्ट झाल्यात का?

नाही, एकही नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं, लोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग) नीट सेट नसलं की एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) ते बाइट ऑक्टलमध्ये (० ते ७ आकड्यांच्या पद्धतीत) दाखवतं, म्हणून ३४० आणि २४४ सारखे सारखे दिसतात. "लोकेल" टाकून बघा, तिथे नुसतं सी किंवा पॉझिक्स आलं तर डेबियन-उबंटूवर "सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स" करून मराठी-भारत किंवा इंग्रजी-भारत यूटीएफ-८ निवडा, लॉगआउट करून परत या. फाइलींना इंग्रजी नावं द्यायची काहीही गरज नाही, "दिवाळी" नावाचं फोल्डर दिवाळीच राहू दे.

न सापडणाऱ्या फाइलींच्या नावात "वऱ्हाड", "कोऱ्या" असं काही आहे का बघा. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक तर ऱ हे एकच अक्षर किंवा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता (खालचा टिंब). डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं, आणि मॅकची जुनी फाइलसिस्टम नावं तोडून दुसऱ्या प्रकारात ठेवायची. यावर "कॉन्व्हएमव्ही" हे छोटं टूल आहे. "कॉन्व्हएमव्ही डॅश एफ यूटीएफ८ डॅश टी यूटीएफ८ डॅश डॅश एनएफसी डॅश आर" आणि पुढे फोल्डरचं नाव, एवढं दिलं की ते काय काय बदलेल याची फक्त यादी दाखवतं. यादी वाचून पटली की त्याच कमांडमध्ये "डॅश डॅश नोटेस्ट" जोडा, तेव्हाच नावं खरोखर बदलतात.