हाताची ‘शीर’ म्हणजे नक्की काय?

मालवणहून एका ताईंनी विचारलंय: ‘रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढून आले की आमचे काका मनगट चोळत म्हणतात, हाताची शीर ताठली. पण शीर म्हणजे रक्तवाहिनी ना? मग इथे स्नायू म्हणायचं की कंडरा?’

काकांचं चुकलेलं नाही. संस्कृत ‘सिरा’वरून आलेली शीर मूळची रक्तवाहिनीच; पण बोलण्यात कातडीखाली दोरीसारखं जे जे लागतं, ते सगळं शीर. सुई टोचतात तीही शीर, मानेत धरते तीही शीरच. मनगटाशी ताठते ती मात्र कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी.

स्नायू असतो वर, कोपराखाली. उजवा हात उताणा ठेवा, डाव्या हातानं कोपराखालचा भाग धरा आणि मूठ वळा. मांस घट्ट होताना कळतं. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंपैकी वरच्या थरातला स्नायू इथलाच. त्याच्या चार कंडरा मनगटातल्या अरुंद बोगद्यातून चार बोटांकडे जातात. अंगठ्याचा दोर वेगळा. पुढची रचना मला फार आवडते: बोटाच्या पहिल्या पेरावर कंडरा दुभंगते आणि मधल्या पेराला दोन्ही बाजूंनी चिकटते. त्या फटीतून खालच्या थरातल्या स्नायूची कंडरा थेट टोकाच्या पेरापर्यंत जाते. बाकीची बोटं सरळ दाबून धरा आणि फक्त मधलं बोट वाकवा. मधला सांधा वाकेल, टोक मात्र सैल लोंबेल. हे काम एकट्या वरच्या स्नायूचं.

आता शब्दांचा खरा गुंता. सुश्रुतसंहितेत 500 पेशी, 900 स्नायू आणि 16 कंडरा मोजल्या आहेत. तिथली पेशी म्हणजे मांसाचा गोळा आणि स्नायू म्हणजे बांधणारा चिवट तंतू. मराठीत स्नायू मांसाकडे सरकला आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. हिंदीनं मात्र ‘मांसपेशी’त जुना अर्थ जपला. म्हणून जुना ग्रंथ आजच्या अर्थानं वाचला की घोटाळा होतो.

दंडातल्या स्नायूला आपल्याकडे ‘बेटकुळी’ असं देखणं नाव आहे. कोपराखालच्या या कष्टाळू स्नायूला तसं घरगुती नाव मी तरी ऐकलेलं नाही. रापणकारांच्या बोलण्यात असेल, तर ताई, काकांना विचारून नक्की कळवा.

घरात शीरच म्हणा, लिहिताना कंडरा. आणि काका डॉक्टरांकडे गेले, तर दुखतं ते मनगटाशी की कोपराखाली, आणि कोणतं बोट मिटताना, एवढं त्यांना सांगायला लावा.