सिंध प्रांत मुंबई इलाख्यातून वेगळा कधी झाला आणि तिथला स्थानिक कारभार कसा चाले?

१ एप्रिल १९३६ रोजी, १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला. कराची कुठे, मुंबई कुठे! त्यामुळे रोजचा कारभार कराचीत बसणारा कमिशनरच पाही आणि त्याच्या हाती अफाट अधिकार असत. माझ्या मते वेगळ्या प्रांताच्या मागणीचं खरं मूळ इथेच आहे. मुसलमान बहुसंख्याकांचा प्रश्न होताच, पण आपला कारभार आपल्या जवळ असावा ही मागणीही अगदी रास्त होती. खर्च झेपेल का, ही शंका बरीच वर्षं आडवी आली. १९३२ मध्ये सिंधू नदीवरचं सक्करचं धरण सुरू झालं आणि कालव्याच्या पाण्यावर नव्या प्रांताची भिस्त ठेवता आली.

कराची राजधानी झाली, लान्सलॉट ग्रॅहॅम पहिले गव्हर्नर. १९३७ च्या निवडणुकीत ६० जागांची विधानसभा आली आणि गुलाम हुसेन हिदायतुल्ला पहिले पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला हाच शब्द होता).

खालची यंत्रणा मात्र जुनीच राहिली, आणि ती आपल्याला लगेच ओळखू येते. जिल्ह्याला कलेक्टर, तालुक्याला मुख्तियारकार म्हणजे आपला मामलेदार. गावाला ‘देह’ म्हणत. काही देह मिळून एक ‘तपो’ आणि त्याचं दफ्तर सांभाळणारा तपेदार, म्हणजे जवळपास आपला तलाठीच. कोणत्या शेतात काय पेरलं, सारा किती, हे त्याच्याच वहीत असे. म्हणून सामान्य हारीला, म्हणजे कुळाला, सरकार भेटे ते तपेदाराच्या रूपात.